ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं आर्थिक मोल कसं मोजतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं मोल मोजायचं तरी कसं?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड उघडा असतो आणि कुणालाही वापरता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. बाजारात किंमत शून्य असली की नेहमीची पद्धत, म्हणजे विकलेले नग गुणिले किंमत, निकामी होते. मग तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. हा कोड पुन्हा पहिल्यापासून लिहायचा तर किती खर्च येईल? तो नसता तर वापरणाऱ्यांना किती जास्त पैसे मोजावे लागले असते? आणि तो असल्यामुळे अर्थव्यवस्थेत एकूण किती भर पडली?

तिन्हींची उत्तरं एकमेकांपासून शेकडो, कधी हजारो पटींनी दूर असतात आणि तरीही तिन्ही बरोबर असू शकतात. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की आधी पाहावं, ‘हे नसतं तर काय झालं असतं’ या प्रश्नाचं कोणतं उत्तर गृहीत धरलंय. आकड्याचा आकार बहुतेक तिथेच ठरतो. गणिताच्या बारकाव्यांनी त्यात होणारा फरक त्यामानाने किरकोळ असतो.

४१५ कोटी डॉलर आणि ८.८ लाख कोटी डॉलर हे दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले कसे?

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मान्युएल हॉफमन आणि फ्रँक नेगल यांनी टोरंटो विद्यापीठाच्या यानुओ झोऊ यांच्यासोबत केलेला हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी ओपन सोर्स पॅकेजेस (तयार कोडचे संच) त्यांनी निवडली आणि ती जगाने फक्त एकदाच पुन्हा लिहायची ठरवली तर येणारा खर्च काढला. तो साधारण ४१५ कोटी डॉलर. ही पुरवठ्याची बाजू.

मग त्याच पॅकेजेसबद्दल दुसरा प्रश्न विचारला: ओपन सोर्स अस्तित्वातच नसतं आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला ते स्वतःपुरतं लिहावं लागलं असतं तर? उत्तर आलं ८.८ लाख कोटी डॉलर, म्हणजे पहिल्या आकड्याच्या दोन हजार पटींहून जास्त. ही मागणीची बाजू. कोड तोच आहे. फरक इतकाच की पहिल्या हिशेबात तो एकदा लिहिला जातो आणि दुसऱ्यात प्रत्येक कंपनीत एकदा. कंपन्यांचा सॉफ्टवेअरवरचा खर्च साडेतीन पट झाला असता, हा बातम्यांत फिरणारा निष्कर्षही याच दुसऱ्या हिशेबातून आला आहे.

त्याच अभ्यासातला दुसरा एक आकडा जास्त लक्षात ठेवण्याजोगा आहे. मागणीच्या बाजूचं ९६ टक्के मोल फक्त ५ टक्के डेव्हलपर्सच्या कामातून आलेलं आहे. त्यामुळे ‘ओपन सोर्सला निधी द्या’ असं सरसकट म्हणण्यापेक्षा नेमका कुणाला द्यायचा, हा प्रश्न मोलाचा ठरतो.

मग ८.८ लाख कोटी हा आकडा खरा धरायचा की नाही?

कमाल मर्यादेच्या अंगाने जाणारा अंदाज म्हणून धरावा. ओपन सोर्स नसतं तर प्रत्येक कंपनी आपापला वेब सर्व्हर (वेबपानं पाठवणारं सॉफ्टवेअर) लिहीत बसली असती, हे पटण्यासारखं नाही. दहा-वीस विक्रेते उभे राहिले असते, त्यांनी तो विकला असता आणि बहुतेकांनी विकत घेतला असता. काही कंपन्यांनी ते कामच सोडून दिलं असतं. म्हणजे खरं नुकसान ‘प्रत्येकाने स्वतः लिहिणं’ यापेक्षा बरंच कमी.

उलट दिशेनेही गळती आहे. लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिम त्या हिशेबात धरलेल्या नाहीत, आणि कोड उघडा असल्यामुळे लोक जे शिकतात किंवा त्याच्यावर नवीन काही उभारतात, तेही नाही. एकातली वाढ दुसऱ्यातली घट भरून काढते असं मात्र समजू नये. तसं कुणी दाखवलेलं नाही.

कोडच्या ओळींवरून खर्च कसा काढतात?

बॅरी बोहम यांनी १९८१ साली मांडलेल्या कोकोमो या पद्धतीने. तिचं सर्वात साधं रूप असं:

मनुष्यमास = २.४ × (हजार ओळी) चा १.०५ वा घात

इथे एक मनुष्यमास म्हणजे एका माणसाचं महिन्याचं काम, १५२ तास. एक लाख ओळींचा प्रकल्प घेऊ. १०० चा १.०५ वा घात साधारण १२५.९, त्याला २.४ ने गुणलं की ३०२ मनुष्यमास, म्हणजे एका माणसाची सुमारे २५ वर्षं. पुढे पगार आणि वरखर्च लावायचा. डेव्हिड व्हीलर यांनी २००१ साली रेड हॅट लिनक्स ७.१ या वितरणाचा (लिनक्स आणि त्यासोबतच्या सॉफ्टवेअरच्या संचाचा) हिशेब केला तेव्हा वर्षाला ५६,२८६ डॉलर पगार आणि २.४ पट वरखर्च धरला होता. (हा २.४ आणि सूत्रातला २.४ हे योगायोगाने सारखे आहेत. दोन्ही लावावे लागतात, आणि एकच लावून मोकळे होणारे पुष्कळ आहेत.) त्या दराने आपला लाख ओळींचा प्रकल्प सुमारे ३४ लाख डॉलरचा होतो.

व्हीलर यांच्या मोजणीत त्या वितरणात ३ कोटींहून जास्त ओळी, सुमारे ८,००० मनुष्यवर्षं आणि १ अब्ज डॉलरवर खर्च निघाला. पुढे २००८ साली लिनक्स फाउंडेशनने याच वाटेने फेडोरा ९ हे दुसरं वितरण मोजलं: २० कोटींहून जास्त ओळी, १०.८ अब्ज डॉलर. त्यातलं एकटं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, १.४ अब्जांचं.

सूत्राची आवृत्ती कोणती घेतली हे नक्की लिहा. कोकोमो २ मध्ये सर्व घटक मध्यम धरले तर गुणक २.९४ आणि घात सुमारे १.१ होतो. त्याच लाख ओळींना मग ३०२ ऐवजी ४६५ मनुष्यमास लागतात. फक्त सूत्र बदलल्याने दीडपट.

ओळी मोजताना नेमकं काय चुकतं?

सर्वात जास्त चुकतं ते बाहेरचा कोड आपला समजण्यात. नोड मॉड्यूल्स, व्हेंडर यांसारख्या फोल्डरमध्ये दुसऱ्यांची पॅकेजेस जशीच्या तशी पडलेली असतात. ती मोजली तर एकच लायब्ररी शंभर प्रकल्पांत शंभरदा धरली जाते. त्याच्या खालोखाल यंत्राने तयार केलेला कोड: पार्सर जनरेटरने ओकलेल्या फायली, मिनिफाय केलेलं (मोकळ्या जागा काढून आक्रसलेलं) जावास्क्रिप्ट, चाचणीसाठी ठेवलेला जेसन डेटा. क्लॉक, एससीसी, टोकाय ही ओळी मोजणारी साधनं भाषा ओळखतात आणि रिकाम्या ओळी व टिप्पण्या वगळतात. पण कोणती फोल्डर सोडायची हे बहुतेक वेळा तुम्हालाच सांगावं लागतं. एससीसी तर कोकोमोचा अंदाजही आपोआप छापतं. तो चटकन मिळतो म्हणून अहवालात जशाचा तसा चिकटवू नये, कारण त्यातला पगार साधनाने स्वतःच्या मनाने धरलेला असतो.

दुसरी चूक घातामुळे होते. घात १ पेक्षा मोठा असल्याने सगळं एकत्र मोजलं की आकडा फुगतो. दहा हजार ओळींची दहा स्वतंत्र पॅकेजेस वेगवेगळी मोजली तर प्रत्येकी सुमारे २७, एकूण २६९ मनुष्यमास. तीच एक ढीग म्हणून मोजली तर ३०२. पॅकेजेस खरोखर स्वतंत्र असतील तर वेगवेगळी मोजून बेरीज करणंच योग्य. व्हीलर यांनीही तसंच केलं होतं.

आणि एक मूळचं दुखणं. चांगला मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) जुना कोड काढून टाकतो. पाच हजार ओळी कमी करून तेच काम जास्त वेगाने होऊ लागलं, तर या सूत्राच्या मते प्रकल्पाचं मोल घटलं. याला सूत्राच्या आत उपाय नाही.

ओळींऐवजी कमिट मोजले तर?

कमिट म्हणजे कोडमध्ये केलेल्या बदलाची एक नोंद. श्रम मोजायला ते बरे, पण साफसफाई जास्त करावी लागते. एकच माणूस तीन ईमेल पत्त्यांनी दिसतो, त्यामुळे मेलमॅप फाइल तयार करून नावं जुळवावी लागतात. बॉट्सचे (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) कमिट काढावे लागतात, कारण डिपेंडन्सी (ज्यांवर प्रकल्प अवलंबून आहे ती पॅकेजेस) अद्ययावत करणारा एक बॉट माणसांना सहज मागे टाकतो. मर्ज कमिट (दोन शाखा जोडल्याची नोंद) वगळावे लागतात. काही प्रकल्प महिनाभराचं काम स्क्वॉश करून एकाच कमिटमध्ये टाकतात आणि काही जण प्रत्येक स्वल्पविरामाला कमिट करतात, म्हणून दोन प्रकल्पांची तुलना कमिटच्या संख्येवरून करू नये. एकाच प्रकल्पाचा काळानुसार कल पाहायला ही संख्या ठीक आहे.

कोडचं परीक्षण, तक्रारींना उत्तरं, आवृत्ती प्रसिद्ध करणं, सुरक्षेच्या खाजगी कळवण्या हाताळणं, यातलं काहीही कमिटमध्ये दिसत नाही. जुन्या, स्थिरावलेल्या प्रकल्पात मेंटेनरचा बराच वेळ नेमका इथेच जातो.

डाउनलोडच्या आकड्यांवरून वापर कळतो का?

फार कमी. दोन्ही बाजूंनी फसवणूक होते. सीआय सर्व्हर (बदललेला कोड आपोआप जुळवून तपासणारा) प्रत्येक बिल्डला, म्हणजे जुळणीला, पॅकेजेस नव्याने उतरवतो. एखादा कामसू चमू दिवसाला शेकडो डाउनलोड एकटा करतो. त्यात मिरर (साठ्याची प्रत ठेवणारे सर्व्हर) आणि स्कॅन करणारे बॉट्स मिसळतात. याउलट मोठ्या कंपनीत अंतर्गत प्रॉक्सी असते. तिने पॅकेज एकदा आणलं की आतले हजारो डेव्हलपर तिच्याकडूनच घेतात आणि बाहेर मोजणीत एक दिसतो.

बाहेरून स्कॅन करून फक्त उघड्यावरचं दिसतं: वेब सर्व्हर, वेबपानांत घातलेली जावास्क्रिप्ट लायब्ररी. डेटाबेस, रांगा, अंतर्गत साधनं दिसत नाहीत. डेबियन या लिनक्स वितरणाचं, कोणती पॅकेजेस वापरली जातात हे मोजणारं पॉपकॉन सर्वेक्षण ऐच्छिक आहे. सर्वात विश्वासार्ह माहिती म्हणजे कंपन्यांच्या कोडची आतून केलेली तपासणी. लिनक्स फाउंडेशन आणि हार्वर्डच्या ‘सेन्सस २’ या पाहणीत, आणि तिच्या आधारे वरच्या २०२४ च्या अभ्यासात, अशीच माहिती वापरली आहे. तिचाही कल एका बाजूला असतो, कारण पैसे मोजून तपासणी करून घेणाऱ्या कंपन्या म्हणजे सगळ्या कंपन्या नव्हेत.

हे मोल जीडीपीत का दिसत नाही?

काही दिसतं, बरंच नाही. २००८ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार एक वर्षाहून जास्त टिकणारं सॉफ्टवेअर भांडवली गुंतवणूक धरलं जातं. विकत घेतलेलं असेल तर खरेदीच्या किमतीने, स्वतःसाठी लिहिलेलं असेल आणि बाजारभाव नसेल तर खर्चावरून. म्हणजे कंपनीने पगार देऊन माणसं ओपन सोर्सवर बसवली तर त्यांचा पगार कुठेतरी नोंदला जातो. पण तेच सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेणाऱ्या हजारो कंपन्यांच्या खात्यात गुंतवणूक शून्य, आणि स्वयंसेवकाच्या रात्रीही शून्य.

यातून विचित्र परिणाम होतो. एखादी कंपनी परवाना घ्यायचा डेटाबेस सोडून फुकटचा वापरू लागली की मोजलेली गुंतवणूक कमी होते, काम मात्र पूर्वीसारखंच चालतं. शेन ग्रीनस्टाइन आणि फ्रँक नेगल यांनी २०१४ साली अपाची वेब सर्व्हरपुरता हा न दिसणारा भाग मोजला. अमेरिकेत तो २ ते १२ अब्ज डॉलर निघाला. त्यांनी त्याला ‘डिजिटल डार्क मॅटर’ म्हटलं. अंदाजाचा पट्टा सहापट रुंद आहे, आणि तो तसाच छापला याबद्दल त्यांचं कौतुकच करायला हवं.

युरोपचा ‘१ अब्ज युरो गुंतवणूक, ६५ ते ९५ अब्ज परिणाम’ हा आकडा कुठून आला?

युरोपीय आयोगासाठी फ्राउनहोफर आयएसआय आणि ओपनफोरम युरोप यांनी केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातून. आकडे २०१८ चे. इथे पद्धत पूर्ण वेगळी आहे. देशोदेशीचे ओपन सोर्स योगदान आणि जीडीपी यांच्यातला संबंध संख्याशास्त्राने काढला. योगदान १० टक्क्यांनी वाढलं तर जीडीपीत दरवर्षी ०.४ ते ०.६ टक्के भर पडेल, असा त्यांचा अंदाज.

यात पुनर्निर्मितीचा खर्च नाही, त्यामुळे हार्वर्डच्या आकड्याशी याची तुलना किंवा बेरीज करू नका. आणि ज्या देशांत तंत्रज्ञ जास्त आणि इंटरनेट चांगलं, तिथे योगदानही जास्त आणि जीडीपीही जास्त असायचाच. हे वेगळं काढण्याचा प्रयत्न अहवालात आहे, पण असं विभाजन कधीच पूर्ण निखळ होत नाही.

आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना घेतली. तीच लिनक्सची किंमत नाही का?

नाही. रेड हॅट ही लिनक्सवर सेवा विकणारी कंपनी. २०१९ साली पूर्ण झालेल्या त्या व्यवहारात ग्राहकांचे करार, सेवा देणारी माणसं, ब्रँड आणि भविष्यातल्या वर्गणीचा अंदाज विकला गेला. कोड तर आयबीएमला आदल्या दिवशीही फुकट मिळत होता.

आमच्या कंपनीपुरता आकडा काढायचा आहे. सुरुवात कुठून करू?

यादीपासून. जाहीर डिपेंडन्सीची फाइल नव्हे, लॉकफाइल (प्रत्यक्षात आलेल्या सगळ्या पॅकेजेसची नोंद) वाचा. वीस पॅकेजेस मागितलेली असतात आणि हजार येऊन बसलेली असतात. सिफ्टसारख्या साधनाने एसपीडीएक्स किंवा सायक्लोनडीएक्स या प्रमाणित स्वरूपात घटकयादी (आत कोणते घटक आहेत त्याची यादी) काढा. कंटेनरच्या प्रतिमाही (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या गठड्या) तपासा, कारण ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजेस लॉकफाइलमध्ये नसतात. चाचणी आणि बिल्डसाठीची साधनं वेगळी काढून ठेवा.

मग प्रत्येक महत्त्वाच्या घटकासाठी विचारा: हा उद्या नसता तर आपण खरंच काय केलं असतं? तीन पर्याय असतात: स्वतः लिहिणं, विकत घेणं, त्यावाचून चालवणं. यातला सर्वात स्वस्त पर्याय हेच त्याचं तुमच्यापुरतं मोल. इथे नेहमीचा गोंधळ म्हणजे संपूर्ण लायब्ररी पुन्हा लिहायचा खर्च धरणं. समजा चित्रं हाताळणारी ४० हजार ओळींची लायब्ररी आहे. कोकोमोने ती ११५ मनुष्यमासांची. पण तुम्ही तिच्यातली आकार बदलण्याची आणि कापण्याची सोय तेवढी वापरता, जी साधारण दोन हजार ओळींत होते. तुमचा खर्च ५ मनुष्यमास. ११५ नव्हे.

तीन वर्षांचा हिशेब असा दिसतो. स्वतः लिहिलं तर ५ मनुष्यमास आणि देखभालीचा वर्षाला १, एकूण ८. विकत घेतलं आणि वर्गणी वर्षाला ३ मनुष्यमासांइतकी असली तर ९. स्वस्त पर्याय ८. आता ओपन सोर्सचा स्वतःचा खर्च: जोडणीला अर्धा मनुष्यमास आणि अद्ययावत ठेवणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या, परवान्यांची तपासणी यांना वर्षाला अर्धा, एकूण २. निव्वळ मोल ६ मनुष्यमास. देखभालीसाठी वर्षाला मूळ खर्चाच्या १५ ते २० टक्के हा ढोबळ नियम इथे वापरला आहे. तुमच्याकडे स्वतःच्या नोंदी असतील तर त्याच वापरा.

सगळ्या हजार पॅकेजेससाठी हे करत बसू नका. सर्वात महत्त्वाची तीस-चाळीस हाताने करा आणि उरलेल्यांना ढोबळ दर लावा.

ओपन सोर्सच्या खर्चाच्या बाजूला काय काय विसरलं जातं?

अचानक येणाऱ्या घबराटीचे दिवस. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतली सुरक्षेची भेग उघड झाली तेव्हा अनेक ठिकाणी पहिले काही दिवस दुरुस्तीत गेलेच नाहीत. आपल्याकडे ते नक्की कुठे आहे हे शोधण्यात गेले, कारण ते दुसऱ्या जार फायलींच्या (जावा कोडच्या गठड्यांच्या) पोटात होतं. घटकयादी आधीच तयार असलेल्यांचा खर्च कमी आला. शिवाय मोठी आवृत्ती बदलताना होणारी मोडतोड, आणि मूळ प्रकल्पाने न स्वीकारलेले पॅच (आपण केलेल्या दुरुस्त्या) स्वतःकडे वर्षानुवर्षं सांभाळण्याचं ओझं. हे शेवटचं जवळपास कुणीच मोजत नाही.

फार छोट्या लायब्ररीचं मोल किती?

मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या साठ्यावरून लेफ्ट-पॅड हे पॅकेज काढलं गेलं आणि बॅबेल या लोकप्रिय साधनासह असंख्य प्रकल्पांचे बिल्ड कोसळले. कोड ११ ओळींचा होता. कोकोमोने तो सुमारे ३ तासांचा. पुनर्निर्मितीचा खर्च इथे बरोबरच आहे, कुणीही दुपारभरात लिहिलं असतं. मोजायला हवा होता तो अचानक नाहीसं होण्याचा खर्च, आणि तो ओळींवर ठरत नाही. किती गोष्टी त्यावर टेकल्या आहेत आणि बदली व्हायला किती वेळ लागतो यावर ठरतो. म्हणून मोल आणि जोखीम हे दोन वेगळे स्तंभ ठेवावेत. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीच्या बाबतीत, २०१४ साली हार्टब्लीड ही तिच्यातली भेग उघड होईपर्यंत, वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणग्या येत होत्या. जोखमीचा स्तंभ असता तर ते आधीच डोळ्यांत भरलं असतं.

स्वयंसेवकांच्या तासांना कोणता दर लावायचा?

राष्ट्रीय किंवा जागतिक अंदाजासाठी बाजारातला डेव्हलपरचा पगार, कारण प्रश्न ‘पुन्हा लिहून घ्यायला काय लागेल’ हा असतो. कोणत्या देशाचा, हे मात्र सांगायलाच हवं. महागड्या आणि स्वस्त देशांच्या पगारांत आकडा कित्येक पटींनी हलतो. एकच दर निवडण्यापेक्षा कमी, मधला आणि जास्त असे तीन लावून तिन्ही छापा.

दरवर्षी पुन्हा मोजावं लागतं का? जुन्या कोडचं मोल घटतं का?

घटतं. अमेरिकेच्या आर्थिक विश्लेषण विभागाच्या पद्धतीत तयार विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचं आयुष्य ३ वर्षं आणि स्वतःसाठी लिहिलेल्याचं ५ वर्षं धरतात. स्वतःच्या सॉफ्टवेअरला वर्षाला ३३ टक्के घसारा. ओपन सोर्सला सहसा हाच दर लावतात. पण दोन गोष्टी एकत्र करू नका. पुनर्निर्मितीचा खर्च काढताना आजचा कोड आजच्या पगाराने मोजला असेल तर त्यावर घसारा लावायचा नसतो. वर्षावर्षाची गुंतवणूक साठवत भांडवलाचा साठा काढत असाल तरच तो लागतो.

कंपनीच्या हिशेबात वरच्या तीस-चाळीस घटकांची यादी वर्षातून एकदा आणि घटकयादी प्रत्येक बिल्डला काढावी. दुसरं काम सीआयमध्ये एका पायरीचं आहे. पहिल्या कामाला तांत्रिक प्रमुख आणि खरेदी विभाग यांना एकत्र बसवावं लागतं, कारण विकतच्या पर्यायाची खरी किंमत, घासाघीस करून मिळालेली, फक्त खरेदी विभागाला ठाऊक असते. विक्रेत्याच्या वेबसाइटवरचा दर धरलात तर मोल हमखास फुगतं.